गादीवरून काढलेल्या राजाशी इमान राखणं हा राजद्रोह कसा? (सातारा १८३६ ते १८५७)

दक्षिणकसबा
नमस्कार मंडळी. शाळेत इतिहास शिकवतो. एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे, तो इथं मांडतो, कारण इथं वकीलही आहेत आणि साताऱ्याकडची मंडळीही आहेत.

प्रतापसिंह महाराजांना १८१८ मध्ये गादीवर बसवलं इंग्रजांनी. २५ सप्टेंबर १८१९ ला तह केला इंग्रजांनी. १८३६ पासून राजद्रोहाची चौकशी चालवून सप्टेंबर १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला पाठवलं तेही इंग्रजांनी. पुढं १८४८ मध्ये राज्य खालसा केलं. आणि त्याच राजघराण्याचा हक्क परत मिळावा म्हणून झटणाऱ्यांना १८५७ मध्ये राजद्रोही ठरवून ८ सप्टेंबरला साताऱ्यात गेंडामाळावर सतरा जणांचा जीव घेतला. कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या. त्यात महाराजांची बाजू विलायतेत मांडणाऱ्या रंगो बापूजी गुप्त्यांचा मुलगा सीताराम होता.

पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. माझं म्हणणं असं की हे खटले त्या काळच्या इंग्रजी न्यायाच्या मापानंही टिकत नाहीत. भावनेचा भाग बाजूला ठेवून, तुम्हाला काय वाटतं?

चाटीगल्ली
चांगला विषय घेतलात सर. पण सोलापूरच्या कट्ट्यावर सातारा कशाला? आपल्याकडे चार हुतात्मे आहेत की.

पंढरीचा
चाटीगल्ली, सातारा परका नाही ओ. १८१९ च्या तहात महाराजांना जो मुलूख मिळाला तो नीरा-भीमेच्या दक्षिणेला, वारणा-कृष्णेच्या उत्तरेला, पश्चिमेला सह्याद्री आणि पूर्वेला पंढरपूर-विजापूरपर्यंत. पंढरपूर, सांगोला हा सगळा सातारच्या राज्याचा भाग. राज्य खालसा झाल्यावरही बरीच वर्षं आम्ही सातारा जिल्ह्यातच होतो. माळशिरस तर १८७५ ला सोलापुरात आलं. म्हणजे १८५७ मध्ये आमचे खापरपणजोबा कागदोपत्री सातारकरच. अक्कलकोटचे भोसलेही सातारच्या छत्रपतींचे जहागीरदार. आपल्या निम्म्या जिल्ह्याची ही घरची गोष्ट आहे.

मोहोळकर
त्यात आष्टी विसरू नका. २० फेब्रुवारी १८१८. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले ते आपल्या जिल्ह्यातल्या आष्टीला. पेशवा निसटला आणि त्याच्या छावणीत असलेले तरुण प्रतापसिंह, त्यांची आई, भाऊ हे सगळे इंग्रजांच्या हाती लागले ते तिथंच. तिकडचं रान मी लहानपणापासून बघतोय. काळी जमीन, ज्वारी, आता तळ्याच्या पाण्यावर ऊस. सातारचं राज्य पुन्हा उभं राहिलं त्याची सुरुवात या रानात झाली, आणि गावातल्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

निवृत्त_नायब
भावना बाजूला ठेवायला सांगितलंत म्हणून लिहितो. आयुष्यभर महसुलात काम केलं, त्यामुळं कागद काय म्हणतो ते आधी बघायची सवय आहे.

१८४८ नंतर सातारा कंपनीचा मुलूख होता. त्याआधी गादीवर होते प्रतापसिंहांचे धाकटे भाऊ शहाजी उर्फ आप्पासाहेब. ते ५ एप्रिल १८४८ ला वारले, दत्तक नामंजूर झाला, कलेक्टर बसला. १८५७ च्या कटात खजिना लुटायचा, तुरुंग फोडायचा, साताऱ्यातल्या गोऱ्यांना मारायचं असं ठरलं होतं हा आरोप होता. कुठल्याही राज्यात याला गुन्हाच म्हणतात. प्रतापसिंह चांगले राजे होते हे मान्य. त्यांनी शहराला पाणी आणलं, शाळा काढली, छापखाना आणला. पण राजा चांगला होता म्हणून पुढच्या सरकारविरुद्धचं बंड कायदेशीर होत नाही. सर, तुमचा प्रश्न मला भावनेकडंच झुकलेला वाटतो.

वकील_होटगीरोड
नायबसाहेबांनी मुद्दा नेमका मांडलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंग्रजांच्या घरातलं उदाहरण घेऊ. १६८८ मध्ये त्यांनी आपला राजा दुसरा जेम्स याला घालवलं. त्याला मानणारे लोक पुढची साठेक वर्षं बंडं करत राहिले. त्यांच्यावर राजद्रोहाचे खटले झाले, म्हणजे बरोबर आपलाच विषय. पण तिथं १६९६ मध्ये एक कायदा झाला. राजद्रोहाच्या आरोपीला आरोपपत्राची प्रत खटल्याच्या पाच दिवस आधी द्यायची. त्याला वकील करता येईल. त्याचे साक्षीदार शपथेवर बोलतील. आणि गुन्हा शाबीत करायला दोन साक्षीदार लागतील. त्या काळी चोरी-दरोड्याच्या आरोपीलाही हे मिळत नव्हतं. राजद्रोहाचा आरोप राज्यकर्ते सूडापोटी करू शकतात, हे इंग्रज स्वतः भोगून शिकले होते.

आता १८३६ चा सातारा. महाराजांवर आरोप काय, तर २३ व्या पलटणीच्या दोन देशी अंमलदारांना फितवण्याचा प्रयत्न केला, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरशी संधान बांधलं, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार ठेवला. चौकशीला तिघा इंग्रज अधिकाऱ्यांची समिती बसली. लॉडविक, ओव्हान्स, विलोबी. काम गुप्त. वकील नाही. साक्षी झाल्या त्या महाराजांच्या पाठीमागं. त्यांना शेवटी बोलावून आरोप ऐकवले, एवढंच. पुराव्याच्या प्रती ते पुढं वर्षानुवर्षं मागत राहिले.

एकशे चाळीस वर्षं आधी स्वतःच्या लोकांना दिलेलं संरक्षण इथं एका राजालाही मिळालं नाही. मग त्याच्या नोकरांना कुठलं मिळणार? सर, तुमच्या म्हणण्याला माझा पूर्ण दुजोरा.

चाटीगल्ली
बाप रे. वकीलसाहेब, हे माहीतच नव्हतं.

साताऱ्याची_सून
मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन सोलापूरला आले. (इथली शेंगाचटणी आणि कडक भाकरी आता माहेरी घेऊन जावी लागते, नाही नेली तर भाऊ दारातच विचारतो.)

गोविंदराव दिवाणांबद्दल कुणीतरी लिहायला हवं. प्रतापसिंहांच्या समर्थकांतले पहिले बळी ते. १८३६ मध्ये त्यांना धरलं आणि नगरला डांबलं. खटला नाही, काही नाही. मग सरकारकडं एक अर्ज आला, गोविंदरावांची आई गिरजाबाई हिच्या नावानं. त्यात काय, तर माझ्या मुलानं फितुरीत भाग घेतला हे खरं, पण सगळं महाराजांच्या सांगण्यावरून. आईनं मुलासाठी दयेची भीक मागायची आणि त्याच कागदानं राजाही अडकायचा. पुढं कृष्णाजी सदाशिव भिडे नावाचा माणूस सांगू लागला की तो अर्ज आपणच लिहिला.

एकट्या कोठडीत महिनोन्महिने बसलेल्या गोविंदरावांकडूनही शेवटी कबुली घेतलीच. आमच्या घरी आजोबा हा किस्सा सांगताना गिरजाबाईचं नाव आलं की थांबायचे. तिच्या तोंडी न बोललेले शब्द घातले गेले, याची चीड त्यांना फाशीपेक्षा जास्त होती, आणि मलाही आहे.

निवृत्त_नायब
ताई, अर्जाची गोष्ट वाचून मलाही वाईट वाटलं. पण वकीलसाहेबांनी इंग्लंडचं चित्र फार गोड रंगवलंय. सर जॉन फेनविक आठवा. तोही जेम्सचाच माणूस. दोन साक्षीदारांपैकी एक परदेशी पळाला, एकच उरला. कायद्यानं सुटायला हवा होता. तर पार्लमेंटनं त्याच्या एकट्यासाठी वेगळा कायदा करून त्याला दोषी ठरवलं आणि जानेवारी १६९७ मध्ये मुंडकं उडवलं. म्हणजे १६९६ चा कायदा शाईही वाळायच्या आत गुंडाळून ठेवला. १७४६ ला जेम्सवाल्यांचा पाडाव झाला त्या कलोडनच्या लढाईनंतर तर कैदी इतके होते की चिठ्ठ्या टाकल्या. वीसातल्या एकावर खटला, बाकीच्यांनी दयेचा अर्ज करायचा आणि बहुतेकांनी सागरापार जायचं. सत्ता घाबरली की सगळीकडं असंच वागते. साताऱ्यात काही वेगळं झालं असं मला वाटत नाही.

वकील_होटगीरोड
फेनविकचं उदाहरण बरोबर आहे, आणि माझ्याच बाजूला येतं. त्याला मारायला पार्लमेंटला उघड्यावर, नावानिशी, मतदान घेऊन कायदा करावा लागला. लोकांनी तिथंच विरोधात भाषणं केली. साताऱ्यात सगळं बंद दाराआड झालं.

आणखी एक. इंग्लंडमध्ये १४९५ चा एक जुना कायदा होता. प्रत्यक्ष गादीवर असलेल्या राजाची सेवा केली म्हणून कुणाला राजद्रोही ठरवता येणार नाही. आता गोविंदरावांना धरलं १८३६ ला. तेव्हा गादीवर कोण? खुद्द प्रतापसिंह! तहानं मान्य केलेला, अभिषिक्त. दिवाण आपल्या धन्याची चाकरी करत होता. द्रोह कुणाशी? कंपनी त्याची धनी कधी होती?

नायबसाहेब, १८५७ च्या सतराजणांबद्दल आपण भांडू शकतो. गोविंदरावांबद्दल तुमचं उत्तर ऐकायला आवडेल.

निवृत्त_नायब
गोविंदरावांच्या बाबतीत उत्तर नाही. तो अन्यायच. पण १८५७ चं माझं म्हणणं कायम.

नळदुर्ग_नाका
जरा विषयांतर. १८५७ ला सातारा पेटवायचं घाटत होतं तेव्हा आपल्या शेजारी नळदुर्गला मेडोज टेलर नावाचा इंग्रज डेप्युटी कमिशनर होता. तोच आधी सुरपूरला (आताच्या कर्नाटकातलं संस्थान) होता, तिथल्या लहानग्या राजाला, व्यंकटप्पा नायकाला, त्यानं वाढवलं. १८५८ ला तोच राजा बंडात उतरला, पकडला गेला, खटला चालून फाशी ठरली. ती कमी झाली आणि तुरुंगाकडं नेताना वाटेत पिस्तुलाच्या गोळीनं त्याचा शेवट झाला. किल्ल्यावर पाणीमहाल बघायला येणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

पंढरीचा
सुरपूरचा राजा गादीवर असताना उठला, तो वेगळा प्रकार. जवळचं उदाहरण दिल्लीचं. बहादूरशहांवर २७ जानेवारी १८५८ पासून लाल किल्ल्यातच, त्यांच्याच दिवाण-ए-खासमध्ये खटला चालला, ९ मार्चला संपला. आरोपात त्यांना कंपनी सरकारचे प्रजाजन आणि पेन्शनर म्हटलंय. ज्या बादशहाच्या फर्मानावर कंपनीनं बंगालची दिवाणी मिळवली, त्याच्याच वारसाला प्रजाजन म्हणून पिंजऱ्यात उभं केलं. सातारा आणि दिल्ली एकाच हातानं लिहिलेले खटले वाटतात मला.

विडीघरकुल
मला कायद्यातलं फार कळत नाही. आई विड्या वळायची, मी आता नर्सिंग करते. पण हा धागा रात्रपाळीत पहिल्यापासून वाचला.

मला विचारायचंय की हे सतराजण कोण होते? रंगो बापूजींच्या मुलाचं नाव सगळे घेतात. बाकीचे सोळा? आणि महाराजांना गादीवरून काढल्यावर अठरा वर्षांनी त्यांच्यासाठी जीव द्यावा असं त्यांना का वाटलं? महाराज तर १८४७ लाच काशीला वारले होते ना?

साताऱ्याची_सून
विडीघरकुल, खूप छान विचारलंस गं. त्यांत वेगवेगळ्या जातींची माणसं होती. रामोशी, मांग, कोळी, मराठे, कायस्थ, ब्राह्मण. भोरकडची गावं, साताऱ्याच्या आसपासच्या वाड्या इथली. सगळेच काही दरबारी नव्हते. त्यांच्याही आधी जून १८५७ मध्ये मानसिंग परदेशी नावाच्या शिपायाला साताऱ्यात फाशी दिलं, पलटणीतल्या शिपायांना उठवायचा प्रयत्न केला म्हणून.

का दिला जीव, त्याचं उत्तर मला १८३९ मध्ये दिसतं. मुंबईचा गव्हर्नर कार्नाक स्वतः साताऱ्याला आला. महाराजांपुढं कागद ठेवला: तह मोडल्याचं कबूल करा, सही करा, गादी तुमचीच. एक सही! महाराज म्हणाले, जे केलं नाही ते कबूल करणार नाही. सही केली असती तर मरेपर्यंत राजे राहिले असते. रात्री ओव्हान्स फौज घेऊन वाड्यात आला. महाराजांनी प्रतिकार करू दिला नाही. पालखीत बसवून आधी लिंबला नेलं, तिथून काशीचा रस्ता. बाळासाहेब सेनापती सोबत निघाले, ते वाटेतच गेले. त्यांच्या बायकोला त्याच प्रवासात मुलगा झाला, त्याला महाराजांनी पुढं दत्तक घेतलं.

हे सगळं लोकांच्या डोळ्यांदेखत झालं होतं. १८५७ ला चाळिशी-पन्नाशीत असलेल्या माणसानं ती पालखी तरुणपणी पाहिलेली असणार.

मोहोळकर
ताई, अंगावर काटा आला.

चाटीगल्ली
आता रंगो बापूजींवर लिहा कुणीतरी, त्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही.

पंढरीचा
लिहितो. हा माणूस विलायतेला गेला महाराजांची कैफियत घेऊन आणि १८५३ च्या अखेरपर्यंत तिथं राहिला. जवळपास चौदा वर्षं. इंग्रजी शिकला, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत उभा राहून बोलला, पत्रकं छापून वाटली. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन असे गोरे लोक बाजूनं उभे केले. तो तिथं असतानाच महाराज वारले, मग आप्पासाहेब वारले, मग राज्य गेलं. तरी अर्ज चालूच.

नायबसाहेबांना माझा हाच प्रश्न आहे. तुम्ही कागदाची भाषा करता. या माणसानं आयुष्याची उमेदीची वर्षं कागदातच घातली. अर्ज, अपील, पुन्हा अर्ज. तहात लिहिलं होतं की हा मुलूख राजाला, त्याच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना कायमचा. ती ओळ दाखवत तो दारोदार फिरला. सगळी दारं बंद झाल्यावर मग १८५७. कटाचा दोष द्यायचा तर ती दारं बंद करणाऱ्यांनाही द्यावा लागेल.

आणि १८३५ ची तलवार! कंपनीच्या लंडनमधल्या डायरेक्टरांनी महाराजांच्या कारभारावर खूश होऊन मानाची तलवार आणि पत्र पाठवलं होतं. मुंबई सरकारनं ते महाराजांना दिलंच नाही, कारण तोवर जहागीरदारांवर हक्क कुणाचा यावरून महाराजांशी वाजलं होतं. पुढच्याच वर्षी राजद्रोहाची चौकशी.

निवृत्त_नायब
पंढरीचा, रंगो बापूजींबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. पण अपील फेटाळलं म्हणून हत्यार उचललं तर त्याला बंडच म्हणायचं. त्यांनीही ते बंड म्हणूनच केलं असणार, पूर्ण जाणून. त्यांना निर्दोष ठरवण्याच्या नादात आपण त्यांच्या धाडसाची किंमत कमी करतोय. मी राजद्रोह झाला असं म्हणतो तेव्हा त्यांना कमी लेखत नाही.

वकील_होटगीरोड
नायबसाहेब, हे तुमचं वाक्य मला पटलं. तरी खटला कसा चालला हा प्रश्न उरतोच. १८५७ च्या मे-जूनमध्ये सरकारनं घाईघाईनं कायदे केले. खास कमिशनर नेमायचे, त्यांचा निकाल अंतिम, वर अपील नाही. भारतीय दंड संहिता अजून जन्मायची होती. ती १८६२ ला लागू झाली आणि सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याचं १२१ कलम त्यात आलं. साताऱ्याचे आरोपी ज्यांच्यापुढं उभे राहिले ते कमिशनर त्याच सरकारनं त्याच कामासाठी बसवलेले. बंड केलं असेल, मान्य. पण बंडखोरालाही बाजू मांडायची जागा लागते, वर दाद मागायची वाट लागते.

विडीघरकुल
आणि रंगो बापूजी? त्यांचा खटला?

साताऱ्याची_सून
सापडलेच नाहीत. इनाम लावलं, शोध घेतला, शेवटपर्यंत हाती लागले नाहीत. सरकारनं महाराजांच्या घरातल्या बायका आणि दत्तक मुलगा यांनाही साताऱ्यातून उचलून समुद्रातल्या बेटावर नेऊन ठेवलं, तेही बिनखटल्याचं. साताऱ्याला गेलात तर चार भिंतीवर जरूर जा. अजिंक्यताऱ्याच्या अंगाच्या टेकडीवर आहे, तिथं हुतात्म्यांचं स्मारक आहे. संध्याकाळी पोरंपोरी फोटो काढत असतात. गेंडामाळ मात्र आता वस्तीत मिसळून गेलाय, रिक्षावाल्याला सांगितलं तर सोडतो.

चाटीगल्ली
मी सुरुवातीला चार हुतात्म्यांचं बोललो होतो, त्याचा इथं संबंध आहे असं आता वाटायला लागलंय. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. पण आरोप राजद्रोहाचा ठेवला नाही, पोलिसांच्या खुनाचा ठेवला. असं का?

वकील_होटगीरोड
माझं मत सांगतो. राजद्रोहाचा आरोप ठेवला की आरोपीचं राजकारण कोर्टात येतं, राज्य कुणाचं हा वाद उभा राहतो. खुनाचा आरोप ठेवला की तो वाद दाराबाहेर राहतो. १८५७ ला सरकारला दहशत बसवायची होती म्हणून राजद्रोह म्हणून तोफा डागल्या. १९३० ला जग बघत होतं, म्हणून साधा फौजदारी गुन्हा. सोलापूरच्या खटल्यात वकील होते, अपील झालं, सगळे सोपस्कार झाले, आणि तरी चौघे गेले. त्यामुळं नुसत्या सोपस्कारांनी न्याय होतो असंही मी म्हणणार नाही.

दक्षिणकसबा
मंडळी, इतकं भरभरून लिहाल असं वाटलं नव्हतं. मूळ प्रश्नावर येतो.

नायबसाहेबांमुळं एक गोष्ट स्पष्ट झाली: १८३६ आणि १८५७ हे दोन वेगळे खटले म्हणून शिकवायला हवेत. १८३६ मध्ये द्रोह झालाच नव्हता, तो खोट्या पुराव्यांवर उभा केला गेला, आणि गोविंदराव त्यात भरडले गेले. १८५७ मध्ये बंड होतं, आणि त्याची मुळं १८३६ च्या त्या बंद खोलीत होती. माझं मत अजून तेच आहे: दोन्ही वेळा आरोपीला इंग्रजांनी आपल्या माणसांना दिलेला न्यायही दिला नाही.

शाळेत आम्ही आता खटलाच उभा करणार आहोत. आरोपी गोविंदराव दिवाण. १६९६ चा नियम लावायचा: आरोपपत्र पाच दिवस आधी, दोन साक्षीदार, बचावाला वकील. गिरजाबाईलाही साक्षीला बोलवायचं. वकीलसाहेब, मुलांना उलटतपासणी शिकवायला याल का?

वकील_होटगीरोड
कोर्टाला सुट्टी असेल त्या शनिवारी येतो. अर्जाची साक्ष आधी घ्या. गिरजाबाईला पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: बाई, तुम्हाला लिहितावाचता येतं का, आणि हा कागद तुम्हाला कुणी वाचून दाखवला?

निवृत्त_नायब
सरकारी बाजू मांडायला कुणी मिळत नसेल तर मी तयार आहे. मुलांनी तयारी करून यावं, मी सहजासहजी सोडणार नाही.

पंढरीचा
तहाच्या कलमांचा मराठी तर्जुमा माझ्याकडं टाइप करून ठेवलाय, पाठवतो. पाचवं कलम नीट वाचून घ्या सर. परराज्याशी रेसिडेंटला (दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीला) वगळून व्यवहार करायचा नाही, अशी अट त्यात आहे. नायबसाहेब त्यावरच बोट ठेवणार.